हिमनद्यांच्या मुलखात कॅम्परव्हॅनने: गोव्याहून निघणाऱ्यांसाठी

गोव्याहून न्यूझीलंडला जाणारी बरीच कुटुंबे आठ-दहा दिवसांत तेथील दोन्ही बेटे पाहून येण्याचा बेत आखतात आणि त्या धावपळीत हिमनद्यांच्या वाट्याला जेमतेम एक रात्र येते. ती रात्र पावसाची निघाली, तर सकाळी ढगात बुडालेला डोंगर पाहून आणि हेलिकॉप्टरची फेरी रद्द झाल्याचे ऐकून गाडी पुढे हाकावी लागते. आम्ही फोंड्याहून चौघे गेलो होतो आणि आमच्या हाताशी तीन रात्री होत्या; पहिल्या दोन पावसात गेल्या आणि तिसऱ्या सकाळी डोंगर उघडला. म्हणून या लेखात मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की कॅम्परव्हॅन, म्हणजे आत निजण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, ही या प्रदेशात फिरण्याची जितकी, तितकीच थांबण्याची सोय आहे, आणि कागदपत्रांपासून स्वयंपाकापर्यंतची सगळी आखणी ते थांबणे शक्य व्हावे या हिशेबाने केली पाहिजे.

हा मुलूख म्हणजे न्यूझीलंडच्या साउथ आयलंडचा पश्चिम किनारा. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स ही दोन लहान गावे आणि त्याच नावांच्या दोन हिमनद्या हे त्याचे मध्यस्थान, आणि भोवतीचा डोंगराळ भाग 1960 मध्ये स्थापन झालेल्या वेस्टलँड राष्ट्रीय उद्यानाचा आहे. हिमनदी येथे समुद्राच्या इतकी जवळ का उतरते, हे गोव्याच्या माणसाला लवकर उमगेल, कारण आपला पाऊसही त्याच रीतीने पडतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि किनाऱ्यापेक्षा सत्तरीत अधिक कोसळते. तेथे टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे सदर्न आल्प्सला अडतात. मात्र आपला सह्याद्री हजार मीटरच्या आसपास थांबतो, तर तेथील शिखरे तीन हजारांच्या वर जातात, आणि त्या उंचीवर पावसाऐवजी हिम पडते. ते वरच्या विस्तीर्ण खोलगट भागात वर्षानुवर्षे साठते, स्वतःच्या भाराने दाबले जाऊन त्याचे निळसर, घट्ट बर्फ होते आणि अरुंद, तीव्र उताराच्या दरीतून ते सावकाश खाली सरकत राहते. फ्रान्झ जोसेफ गावात वर्षाला पाच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. पणजीत तो तीन मीटरच्या आसपास पडतो आणि चार महिन्यांत आटोपतो; तिथला पाऊस बाराही महिने विभागलेला आहे. ज्या पावसाने ही हिमनदी घडवली तोच तिला झाकूनही ठेवतो, हे एकदा ध्यानात घेतले की तक्रारीला जागा उरत नाही.

कधी निघावे

फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने मला सर्वांत योग्य वाटतात. दिवस मोठे असतात, हवा त्यातल्या त्यात स्थिर असते आणि डिसेंबर-जानेवारीतली तेथील शाळांच्या सुटीची गर्दी ओसरलेली असते. नाताळच्या सुटीतच जायचे असेल, तर गाडी आणि मुक्कामाच्या जागा निदान सहा महिने आधी ठरवाव्यात. चतुर्थी आटोपून सप्टेंबर-ऑक्टोबरात निघण्याचा मोह आपल्याकडे स्वाभाविक आहे, परंतु तेथे तो वसंत ऋतू असतो आणि पश्चिम किनाऱ्यावर वारा व पाऊस यांचा जोर त्याच दिवसांत असतो. मे महिन्याच्या सुटीत शरद ऋतू सरत आलेला असतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारते, त्यामुळे दिवसाचा प्रवास निम्म्याने कमी धरावा लागतो. जून ते ऑगस्ट या ऐन हिवाळ्यात मात्र पश्चिम किनाऱ्यावर स्वच्छ, कोरडे दिवस पुष्कळ मिळतात. ज्यांना थंडी सोसते आणि घाटात चाकांना साखळ्या बांधण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी या काळाचा विचार अवश्य करावा.

कागदपत्रे आणि सामान

भारतीय पारपत्रधारकाला पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तेथे राहण्याइतके पैसे असल्याचा पुरावा माणशी दरमहा 1,000 न्यूझीलंड डॉलर या हिशेबाने मागितला जातो. राहण्याची व्यवस्था आधीच पैसे भरून केलेली असल्यास ती रक्कम 400 डॉलर धरतात. गोव्यात अनेक घरांत पोर्तुगीज पारपत्र असते, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पोर्तुगालच्या नागरिकांना तेथे व्हिसाऐवजी प्रवासपूर्व इलेक्ट्रॉनिक परवानगी पुरते, परंतु ही सवलत पोर्तुगालमध्ये कायम राहण्याचा हक्क असणाऱ्यांनाच आहे. तेव्हा घरातल्या दोघांकडे दोन देशांची पारपत्रे असतील, तर दोघांचे अर्ज वेगवेगळ्या वाटांनी जातील, हे आधीच समजून वेळ राखावा. ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक परदेशी पर्यटकांकडून 100 डॉलरचा पर्यटन आकारही घेतला जातो.

वाहन चालवण्याचा परवाना इंग्रजीत छापलेला असल्याने आपले कार्ड तेथे चालते. तरीही वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा, कारण गाडी भाड्याने देणाऱ्याच्या आणि विम्याच्या अटी कधी कधी कायद्यापेक्षा कडक असतात. शक्य असेल तर दोन व्यक्तींची नावे चालक म्हणून नोंदवावीत.

सामानाच्या बाबतीत आपल्या लोकांची चूक ठरलेली असते: बॅगेत अर्धे स्वयंपाकघर भरले जाते. न्यूझीलंड हा शेती आणि जंगल यांच्या रक्षणाबाबत अत्यंत जागरूक देश आहे. विमानतळावर उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, आणि काही लपले वा विसरले गेले तरी 400 डॉलरचा दंड जागच्या जागी होतो. मध आणि ताजी फळे नेऊच नयेत. सोलां, सुकी सुंगटे, लोणचे, भाजलेले काजू, मसाला यांपैकी जे काही न्यायचे असेल ते कारखान्यात बंद केलेल्या, नाव छापलेल्या पाकिटात न्यावे आणि फॉर्मवर निःशंकपणे लिहावे. जाहीर केलेली वस्तू नाकारली गेली तर ती तिथेच टाकून मोकळे होता येते. तांदूळ, डाळी आणि मसाले ख्राइस्टचर्चमधील भारतीय दुकानांत मिळतात. एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: बूट. आपल्या रानवाटांची तांबडी माती तळव्याच्या खाचांत अडकलेली असते आणि माती ही तेथे बंदी असलेल्या वस्तूंपैकी एक आहे. निघण्यापूर्वी बूट ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावेत.

कपड्यांबाबत एवढेच की एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्यावेत, आणि सर्वांत वरचा थर खरोखर पाणी अडवणारा असावा. आपल्या पावसाळी छत्र्या त्या वाऱ्यात टिकत नाहीत.

गाडी निवडताना

चौघांसाठी चौघांची गाडी पुरते, असे कागदावर दिसते. मी सहा जणांची घेण्याचा सल्ला देईन, कारण पावसाचे दोन दिवस आत बसून काढायचे असतात, आणि रोज रात्री जेवणाचे टेबल मोडून त्याचा पलंग करणे वयस्क माणसांना त्रासाचे होते. बरोबर आई, सासूबाई किंवा कोणी वडीलधारे असेल, तर शिडी न चढता निजता येईल असा कायम मांडलेला पलंग असलेली गाडी पाहावी. दुसरी गोष्ट हीटरची. बाहेरच्या विजेवर चालणारा हीटर वीजजोडणीच्या जागीच उपयोगी पडतो. डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा हीटर असेल तर रानातल्या मुक्कामावरही कपडे वाळतात आणि झोप लागते.

तिसरी आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे गाडीचे हिरवे प्रमाणपत्र. 2023 च्या कायद्यानुसार, स्वयंपूर्ण म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या गाडीत पक्के बसवलेले शौचालय, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची बंद टाकी असावी लागते, आणि त्याचे हिरवे प्रमाणपत्र काचेवर लावलेले असते. नगरपालिकेने मोकळ्या ठेवलेल्या बऱ्याच जागी ते असल्याखेरीज रात्री थांबता येत नाही. भाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी हे प्रमाणपत्र आणि त्याची मुदत स्वतः पाहावी. त्याच करारात कोणत्या रस्त्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे, अपघात झाल्यास किती रक्कम आपल्या खिशातून जाईल, आणि डिझेलच्या गाडीचा रस्ताकर कसा आकारला जाईल, हेही वाचावे. तेथे डिझेलच्या किमतीत रस्ताकर धरलेला नसतो, तो किलोमीटरच्या हिशेबाने वेगळा भरावा लागतो. पंपावरचा स्वस्त भाव पाहून केलेला हिशेब म्हणूनच शेवटी चुकतो.

गाडी ताब्यात घेताना तासभर तरी द्यावा. गॅसची टाकी कोठे बंद होते, शौचालयाची पेटी कशी काढायची, पाण्याचा पंप कोणत्या बटणावर आहे, शीतकपाट चालत्या गाडीत कशावर चालते, हे सगळे दाखवून घ्यावे आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे, कारण पहिल्या रात्री अंधारात त्यातले निम्मे आठवत नाही. गाडीची उंची मीटरमध्ये लिहून समोरच्या काचेपाशी चिकटवावी. गोव्याहून निघालेला माणूस एक-दोन ठिकाणी विमान बदलून, रात्रभर अर्धवट झोपेत ख्राइस्टचर्चला पोहोचतो. त्याच दिवशी सात मीटरची अनोळखी गाडी चालवू नये. एक रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

वाट

ख्राइस्टचर्चहून निघून आर्थर्स पासवरून पश्चिम किनारा गाठावा, किनाऱ्याने दक्षिणेस हिमनद्यांपर्यंत आणि पुढे हास्टपर्यंत जावे, हास्ट पास ओलांडून वानाकाला उतरावे आणि आओराकी (माउंट कुक) शिखराचा पायथा व टेकापो तलाव यांवरून ख्राइस्टचर्चला परतावे. हे वर्तुळ सुमारे 1,200 किलोमीटरचे आहे. आकडा पाहून पाच दिवस पुरतील असे वाटेल. दहा दिवस ठेवावेत, आणि त्यातले तीन हिमनद्यांच्या गावांपाशी.

वाहने तेथेही डाव्या बाजूने चालतात, ही आपल्याला मोठी सवलत आहे. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग ताशी 100 किलोमीटर आहे, पण गाडीचे भरलेले वजन 3,500 किलोपेक्षा जास्त असेल तर तो 90 होतो. आणि वळणावळणांच्या किनारी रस्त्यावर प्रत्यक्षात साठ-सत्तरच धरावा. चोर्ला किंवा अनमोडचा घाट चालवलेल्या माणसाला वळणांची भीती वाटणार नाही. सवय मोडावी लागते ती निराळ्याच गोष्टींची. वळणावर हॉर्न वाजवून पुढे घुसणे तेथे चालत नाही, आणि मागे चार गाड्या साठल्या तर डावीकडच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना वाट देणे हे स्थानिकांच्या दृष्टीने साध्या सभ्यतेचे लक्षण आहे. आपणही रस्त्याच्या मधोमध रेंगाळणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांमागे कितीदा अडकलेलो असतो, ते आठवावे.

एकेरी पूल हा या किनाऱ्यावरचा खास प्रकार आहे. नद्या रुंद, वाहतूक तुरळक, म्हणून पुलावर एका वेळी एकाच बाजूने जाता येते. पुलाआधीच्या पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला येऊ द्यायचे. आपला बाण मोठा आणि पांढरा असेल, तर हक्क आपला, तरीही समोर कोणी चढलेले नाही हे पाहूनच पुढे जायचे. या पुलांखालच्या नद्यांना किती जोर असतो, हे 2019 साली दिसले: मार्च महिन्यातल्या पुरात फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल वाहून गेला आणि किनाऱ्याचा एकमेव महामार्ग तुटला. म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी मेटसर्व्हिस या तेथील हवामान संस्थेचा पावसाचा इशारा आणि तेथील वाहतूक संस्थेची रस्त्यांची स्थिती पाहण्याचा नेम ठेवावा. दरड कोसळून रस्ता बंद झाल्यास वळसा घालण्याजोगा दुसरा रस्ता बहुधा शेकडो किलोमीटर लांबून असतो.

आर्थर्स पासची उंची 920 मीटर आहे. पलीकडे ओटिराच्या दरीत उतरताना 1999 मध्ये खुला झालेला, 440 मीटर लांबीचा उंच पूल लागतो. उतारावर ब्रेकवर पाय दाबून न धरता गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. वर थांबलात तर किआ हा हिरवा डोंगरी पोपट गाडीपाशी येईल. त्याला चोचीने रबर उपटण्याची हौस आहे आणि माणसाचे अन्न त्याला अपायकारक आहे. काही खाऊ घालू नये आणि छताच्या खिडक्या उघड्या ठेवून दूर जाऊ नये.

होकिटिकाला भाजी, दूध, मासे भरून घ्यावेत, कारण पुढच्या गावांत दुकाने लहान आणि महाग आहेत. तेथून फ्रान्झ जोसेफ सुमारे 135 किलोमीटर, तेथून फॉक्स अवघे 25, आणि फॉक्सपासून हास्ट सुमारे 120. डिझेलची टाकी अर्ध्यावर आली की भरावी. फॉक्सच्या पुढे कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि आपण कोठवर जाणार ते कोणाला तरी कळवून निघावे. संकटाच्या वेळी लावायचा क्रमांक 111 आहे.

मुक्काम, पाणी आणि सांडपाणी

मुक्कामाच्या जागा तीन प्रकारच्या. हॉलिडे पार्कमध्ये वीज, गरम पाणी, कपडे धुण्याची यंत्रे आणि सामायिक स्वयंपाकघर मिळते. संवर्धन खात्याच्या जागा साध्या, स्वस्त आणि बहुधा सर्वांत देखण्या असतात. आणि नगरपालिकेच्या मोकळ्या जागा, जेथे पाटीवरचे नियम शब्दशः पाळायचे असतात. आम्ही दोन रात्री साध्या जागी आणि तिसरी हॉलिडे पार्कमध्ये असा क्रम ठेवला होता, आणि तो पाणी, बॅटरी व अंगावरचे कपडे या तिन्ही दृष्टींनी बरोबर ठरला. संवर्धन खात्याच्या साध्या जागी नळाचे पाणी उकळून प्यावे.

सांडपाणी आणि शौचालयाची पेटी नेमलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करायची. येथे मी थोडे आग्रहाने बोलतो. सुटीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यांवर बाहेरून आलेल्या गाड्या थांबतात, रस्त्याच्या कडेला चुली पेटतात, आणि माणसे गेल्यावर उष्टे, बाटल्या आणि घाण मागे राहते. ते पाहून आपल्या जिवाला जे होते, तेच त्या किनाऱ्यावरच्या माणसालाही होते. नदीकाठी भांडी घासू नयेत, आणि गाडीतल्या बेसिनचे पाणीही जमिनीवर सोडू नये, मग ते कितीही निरुपद्रवी वाटो. पेटी दोन दिवसांआड रिकामी केली तर ते काम पाच मिनिटांत होते.

स्वयंपाक करताना खिडकी किंवा छताचा झरोका उघडा ठेवावा, पाऊस कितीही असो, कारण बंद गाडीत गॅसची शेगडी चालवणे जिवावर बेतू शकते. गाडी सुरू करण्यापूर्वी गॅस बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, छताचे झरोके मिटलेले, पायरी आत, वीजेची तार काढलेली, एवढे एका व्यक्तीने रोज मोठ्याने बोलून तपासावे. आमच्याकडे हे काम मुलीकडे होते आणि तिने ते एकदाही चुकवले नाही. जेवण साधे ठेवावे: भात, डाळ, सोलांची कढी, एखादी तळलेली मासळी. शिवराक जेवणाऱ्यांनी होकिटिकालाच पुरेशी भाजी घ्यावी.

वेस्ट कोस्टचा खरा त्रास पावसाचा नसून सँडफ्लायचा आहे. ही बारीक काळी माशी चावल्यावर दिवसेंदिवस खाज राहते. ती दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी, पाण्याजवळ झुंडीने येते आणि वाऱ्यात उडू शकत नाही. घोटे झाकावेत, औषधी मलम तेथील दुकानातूनच घ्यावे, आणि दार उघडले की लगेच मिटावे.

हिमनद्यांपाशी

फ्रान्झ जोसेफचे माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले, नाव का रोइमाता ओ हिने हुकाटेरे, म्हणजे हिने हुकाटेरेचे अश्रू. डोंगर चढण्याची आवड असलेल्या हिनेने आपल्या प्रियकराला बरोबर नेले, हिमलोटाने त्याला ओढून नेले, आणि तिचे अश्रू आकाशपित्याने गोठवून ठेवले, अशी ती कथा आहे. शेजारच्या फॉक्सचे नाव टे मोएका ओ तुआवे हे त्या प्रियकराचे अखेरचे विसाव्याचे स्थान. फ्रान्झ जोसेफ हे युरोपीय नाव 1865 मध्ये युलिउस फॉन हास्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने ऑस्ट्रियाच्या सम्राटावरून दिले. दोन्ही नावे पाट्यांवर एकत्र लिहिलेली असतात. पाटी वाचतानाच मुलांना ही कथा सांगावी, म्हणजे समोरचा बर्फ नुसता देखावा राहत नाही.

आता सर्वांत आवश्यक सूचना. जुनी छायाचित्रे पाहून, गाडी लावून थेट बर्फावर चालत जाता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. फ्रान्झ जोसेफची हिमनदी 1983 पासून 2008 पर्यंत बहुतांशी पुढे सरकत होती. त्यानंतर ती इतक्या वेगाने मागे हटली की 2012 पासून दरीतून बर्फावर चढण्याच्या सहली बंद कराव्या लागल्या. आता बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरने वर उतरून वाटाड्याबरोबर चालणे हाच मार्ग आहे. फॉक्सच्या दरीत जाणारा गाडीरस्ता 2019 च्या प्रचंड दरडीनंतर कायमचा बंद आहे. नदीच्या दक्षिण बाजूच्या पायवाटेने लांबून दर्शन होते, आणि मॅथिसन तळ्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेल्यास टे कोपिकोपिको ओ टे वाका या ठिकाणाहून हिमनदी आणि शिखरे एकत्र दिसतात. फ्रान्झ जोसेफ गावात 1931 मधले सेंट जेम्स हे छोटे चर्च आहे. त्याच्या वेदीमागच्या खिडकीतून एके काळी हिमनदी दिसत असे आणि ते दृश्य 1946 मध्ये टपाल तिकिटावर छापले गेले. आज त्या खिडकीपाशी उभे राहिले की समोर हिरवे डोंगर दिसतात, बर्फ दिसत नाही. गोव्यातल्या माणसाला चर्चच्या खिडकीशी उभे राहण्याची ओळख आहे. मला तेथे आलेली हुरहुर कोणत्याही माहितीफलकाने आणली नसती.

हेलिकॉप्टरची फेरी ठरवायची असेल, तर ती मुक्कामाच्या पहिल्या सकाळी ठरवावी. शेवटच्या सकाळी ठरवलेली फेरी पावसाने रद्द झाली की पैसे परत मिळतात, पण बर्फ हुकतो. पहिल्या सकाळची रद्द झाली तर पुढच्या दोन सकाळी शिल्लक राहतात. वायव्येचा वारा पाऊस आणतो, दक्षिणेचा वारा आकाश स्वच्छ करतो. स्वच्छ दिवशीही सकाळी नऊ-दहानंतर शिखरांवर ढग चढू लागतात, त्यामुळे जे पाहायचे ते पहाटे पाहावे.

कोणत्याही दरीत दोरी किंवा पाटी ओलांडू नये. 2009 मध्ये फॉक्सच्या मुखाशी कठड्यापलीकडे छायाचित्र काढायला गेलेल्या दोन भावांचा बर्फ कोसळून मृत्यू झाला. हिमनदीचा पुढचा भाग स्थिर भिंतीसारखा दिसतो, पण तो आतून वितळत आणि तुटत असतो, आणि नदीचे पात्रही पाऊस वर पडल्यावर काही मिनिटांत भरते. आणखी एक जाणीव असू द्यावी: पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन भूपट्टांमधला आल्पाइन भ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, फ्रान्झ जोसेफ गावाखालूनच जातो, आणि त्यावरचा शेवटचा मोठा भूकंप 1717 च्या सुमाराचा मानला जातो. हॉलिडे पार्कमधली सूचनापाटी वाचून ठेवायला दोन मिनिटे लागतात.

पावसाच्या दिवशी काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. पावसात पर्जन्यवन पाहावे. मोठाल्या नेच्या, शेवाळाने मढलेले बुंधे, दर वळणावर नवा झरा; सत्तरीच्या रानात श्रावणात हिंडलेल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही, फक्त हवेत आपल्याकडची ऊब नसते. ओकारिटोची खाडी जवळच आहे आणि तिच्या काठाने चालताना आपल्या चोडणच्या खारफुटीची आठवण होते, जरी झाडे निराळी असली तरी.

आणि आकाश उघडले, तर पहाटे मॅथिसन तळे गाठावे. फॉक्सची हिमनदी सुमारे 14,000 वर्षांपूर्वी मागे हटली तेव्हा मागे राहिलेल्या खळग्यात हे तळे साठले. भोवतीच्या रानातला पालापाचोळा कुजून पाणी गडद तपकिरी झाले आहे, आणि त्या गडदपणामुळेच त्यात 3,724 मीटर उंचीच्या आओराकीचे आणि टास्मान शिखराचे प्रतिबिंब इतके रेखीव उमटते. भोवतालची पायवाट सुमारे दीड तासाची आणि सपाट आहे; सासूबाई ती काठी न घेता चालल्या. वारा सुटण्याआधी पोहोचावे, म्हणजे सूर्योदयापूर्वी अर्धा तास, आणि चहाची किटली गाडीतच तयार ठेवून जावे.

पर्वतापलीकडे

हास्टकडे जाताना नाइट्स पॉइंटला थांबावे. हा रस्ता 1965 मध्ये पुरा झाला आणि तेव्हाच किनारा दक्षिणेकडून जोडला गेला. हास्ट पास सुमारे 560 मीटरचा, म्हणजे सोपा आहे. पलीकडे उतरले की काही किलोमीटरांत रान संपून पिवळे गवत सुरू होते, जसे आपला घाट चढून बेळगावकडे गेल्यावर हिरवळ विरळ होते. पावसाची सावली ही दोन्हीकडे सारखीच. पुकाकी तलावाचे पाणी दुधाळ निळे दिसते, कारण हिमनदीने खडक दळून केलेले अतिसूक्ष्म पीठ त्यात तरंगत असते. आओराकीच्या पायथ्याशी टास्मान ही देशातली सर्वांत लांब हिमनदी, वीस किलोमीटरहून अधिक, आणि तिच्या टोकाशी 1970 च्या दशकापासून वाढत गेलेला तलाव आहे; वाहनतळापासून अर्ध्या तासाच्या चढणीवर उभे राहिले की पाण्यावर तरंगणारे हिमखंड दिसतात. टेकापोला एक रात्र आकाशासाठी ठेवावी, कारण 2012 पासून तो परिसर अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र आहे.

गाडी परत करण्याच्या आदल्या रात्री ख्राइस्टचर्चजवळच्या हॉलिडे पार्कमध्ये मुक्काम करावा. पेटी आणि सांडपाण्याची टाकी तेथेच रिकामी करावी, सकाळी डिझेल भरून पावती जपून ठेवावी, आणि गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. उरलेले तांदूळ, मीठ, तेल, साखर टाकून देऊ नये. बहुतेक पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात पुढच्या प्रवाशांसाठी एक फळी राखलेली असते. आमची तूरडाळीची अर्धी पिशवी आम्ही त्या फळीवर, ती किती वेळ शिजवायची ते इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून, ठेवून आलो.